उघाडीच्या आतलं पाणी

पनवेलजवळ गाढी, काळुंद्री आणि कासाडी या नद्या खाडीला मिळतात. तिथून पुढं जमीन सपाट होत जाते आणि गोडं पाणी कुठं संपलं, खारं कुठं सुरू झालं, हे नुसतं बघून सांगता येत नाही. या पट्ट्यातली भातशेती खाडीला बांध घालून मिळवलेली आहे. मातीचा लांबच लांब बांध आणि त्यात जागोजागी उघाडी. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानं उघाडीचं दार मिटतं. ओहोटी लागली की आत साठलेलं पावसाचं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. बांध शाबूत असेल तर शेत. बांधाला खांड गेली तर एका भरतीत शेताची खाडी होते आणि पुढची काही वर्षं तिथं भाताची काडी नीट उभी राहत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र पनवेलला आहे, ते याच कारणानं. पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या खारट जमिनीत तग धरणाऱ्या भाताच्या जाती तिथूनच आल्या.

भातावर इतकं काम झालं, पण बांधाच्या आतलं पाणी भाताइतकंच मोलाचं आहे, याकडे सरकारी नजर उशिरा वळली. खारेपाटातल्या लोकांना मात्र ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. पनवेल, पेण, अलिबाग या तालुक्यांतल्या खारपट्टीत घरामागं किंवा शेताच्या कोपऱ्यात तळं असायचं. पावसाळ्यात खाडीच्या उथळ पाण्यात जिताड्याची पिल्लं सापडायची, ती आणून त्या तळ्यात सोडायची. दीड-दोन वर्षांनी पाहुणा आला, साखरपुडा ठरला, की तळ्यात जाळं पडायचं. रायगडच्या जिताड्याचं नाव झालं ते या घरगुती तळ्यांमुळं. मासा पकडून आणायचं काम पुरुषांचं. पण तळ्यावर रोज लक्ष ठेवायचं, उरलंसुरलं टाकायचं, पाणी बिघडलं तर आरडाओरडा करायचा, हे घरच्या बाईकडे. मत्स्यपालन बायकांना शिकवायचं म्हणून आज प्रशिक्षणं होतात, तेव्हा हे आधी ध्यानात घेतलं पाहिजे. कामाची त्यांना नवलाई नाही. नवा आहे तो हिशेब, आणि त्या हिशेबावर त्यांचं नाव.

जिताडा हा विलक्षण मासा आहे. गोड्या पाण्यात वाढतो, मचूळ पाण्यात वाढतो, पण अंडी घालायला त्याला समुद्राइतकं खारट पाणी लागतं. आयुष्याची पहिली काही वर्षं तो नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. तळ्यातला जिताडा किलो-दीड किलोचा झाला की विकला जातो, म्हणजे त्याची वीण तळ्यात कधी होतच नाही. प्रत्येक पिल्लू बाहेरून आणावं लागतं. खाडी श्रीमंत होती तोवर ते फुकट मिळालं. आता तसं मिळत नाही. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेनं १९९७ मध्ये जिताड्याचं बीज उबवणी केंद्रात तयार करून दाखवलं. पुढं तमिळनाडूच्या किनाऱ्यावर राजीव गांधी जलजीवपालन केंद्राचीही हॅचरी उभी राहिली. त्यामुळं आज बीज विकत मिळतं, पण ते हजाराहून जास्त किलोमीटरवरून ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून येतं आणि नखाएवढं असतं.

बायकांच्या कमाईची पहिली खरी संधी इथं आहे, असं माझं मत आहे. नखाएवढं बीज थेट तळ्यात सोडलं तर त्यातलं फार थोडं जगतं. ते आधी हाप्यात, म्हणजे तळ्यात चार बांबूंना बांधलेल्या जाळीच्या पेटीत, दीड-दोन महिने सांभाळायचं आणि बोटाएवढं झालं की मत्स्यशेतकऱ्याला विकायचं. याला जमीन जवळजवळ लागत नाही, तळ्याचा एक कोपरा पुरतो. लागते ती नजर. जिताडा जातीचा मांसाहारी. सारख्या वयाच्या पिल्लांत एखादं दोन दिवसांत पुढं निघून जातं आणि मग ते शेजारच्यालाच गिळतं. पुष्कळदा अर्धं गिळून तोंडात अडकवून बसतं आणि दोघंही मरतात. म्हणून दर तीन-चार दिवसांनी सगळी पिल्लं घमेल्यात काढायची, मोठी एका हाप्यात, मधली दुसऱ्या, लहान तिसऱ्या. हात ओले हवेत, सावली हवी, घाई नको. त्याच वेळी जाळीवरचं शेवाळ ब्रशनं घासून काढायचं, नाहीतर पाणी आरपार जात नाही आणि पिल्लं गुदमरतात. घरात सूप घेऊन तांदूळ निवडणाऱ्या हाताला हे काम चटकन साधतं. एक निवड चुकवली तर आठवड्याच्या शेवटी पिल्लं निम्मी उरतात. या कौशल्याला बाजारात किंमत आहे, ती मिळायला हवी.

जिताडा सगळ्यांना झेपणारा नाही. त्याला प्रथिनांनी भरलेलं महाग खाद्य लागतं किंवा जिवंत लहान मासे लागतात. लहान मासे खाडीतून ओरबाडून आणून मोठा मासा पोसायचा, तर त्याला टिकाऊ शेती म्हणता येणार नाही. त्यामुळं गावतळ्यासाठी रोहू, कटला, मृगळ हे त्रिकूटच बरं. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. एकाच तळ्यात तिघं एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. हे मासे नदीचे, साठलेल्या पाण्यात आपणहून अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून त्यांची वीण तळ्यात घडवून आणली. देशातल्या गोड्या पाण्याच्या मत्स्यशेतीचा पाया त्या दिवशी पडला, म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन.

आता कोकणातल्या तळ्याची अडचण. इथं पाऊस दणकून पडतो आणि मार्च-एप्रिलमध्ये तळ्याच्या तळाला भेगा दिसतात. आंध्रातल्या तळ्यासारखं बारमाही पाणी इथं गृहीत धरलं की हिशेब फसतो. पाच गुंठ्यांचं तळं धरू. गुंठ्याला साठ-सत्तर बोटुकली सोडली, शेण-चुना वेळेवर पडला, कोंडा आणि पेंड मिळाली आणि वर्षभर पाणी टिकलं, तर गुंठ्याला तीस ते चाळीस किलो मासा निघू शकतो. म्हणजे पाच गुंठ्यांत दीडशे-दोनशे किलो. किलोला दीडशे रुपये धरले तरी तीस हजारांच्या आत, त्यातून बीज, खाद्य, जाळं ओढणाऱ्यांची मजुरी वजा. दहा जणींच्या बचत गटात ही रक्कम वाटली तर प्रत्येकीच्या पदरात वर्षाकाठी तीन हजारही पडत नाहीत. मेळाव्यात मंचावरून ‘लाखोंची कमाई’ असं सांगितलं जातं, तेव्हा मला चीड येते ती यासाठी. बाई घरातला वेळ काढून, दागिना गहाण ठेवून या धंद्यात उतरते. तिला खरा आकडा आधी कळायला हवा.

खरा आकडा लहान आहे म्हणून धंदा सोडायचा नाही. तो पाण्याच्या मुदतीप्रमाणं बेतायचा. कोकणातल्या तळ्यात जुलै ते जानेवारी असं सहा-सात महिन्यांचं हमखास पाणी असतं. एवढ्या काळात मत्स्यबीज बोटुकली करून विकता येतं, त्याला दोन-तीन महिने पुरतात. मत्स्यजिरे, मत्स्यबीज, बोटुकली या तीन पायऱ्यांमध्ये प्रत्येक पायरीला भाव वाढतो आणि पैसे लवकर हातात येतात. धरणात, शेततळ्यांत बीज सोडणाऱ्या मत्स्यसंस्थांना नेमकी बोटुकलीच हवी असते आणि ती लांबून आणताना वाटेत मरते. जवळच्या गावच्या गटानं ती पुरवली तर दोघांचाही फायदा. ज्यांना खाण्याजोगा मासाच काढायचा आहे, त्यांनी इवलं बीज न आणता हाताएवढी, वर्षभर वाढ रोखून ठेवलेली बोटुकली सोडावी. पाणी आटायच्या आत ती किलोच्या जवळ जाते.

तळ्याचं पाणी वाचायला यंत्र लागत नाही. उन्हं वर आली की काठावर बसायचं, हात सरळ पाण्यात घालायचा. कोपरापर्यंत हात बुडाला आणि तळवा दिसेनासा झाला, तर पाण्यात माशांपुरतं सूक्ष्म वनस्पतींचं खाद्य आहे. कोपराच्या आधीच तळवा नाहीसा झाला तर पाणी गच्च झालं, शेण थांबवा. तळवा लख्ख दिसला तर पाणी उपाशी आहे. दुसरी खूण पहाटेची. झाकोळलेल्या दिवसानंतरच्या पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर ते खेळत नाहीत, गुदमरत आहेत. रात्रभरात पाण्यातला प्राणवायू संपला आहे. त्या वेळी खाद्य टाकणं म्हणजे मरणाला हातभार. ताजं पाणी सोडायचं, नाहीतर दोघीतिघींनी उतरून बांबूनं पाणी झोडपायचं. पहाटे साडेपाचला तळ्यापाशी कोण असतं, याचं उत्तर गावात सगळ्यांना माहीत आहे. धंदा बाईच्या नावावर का असावा, याचं हे सगळ्यात व्यावहारिक कारण आहे.

महाराष्ट्रात बायकांच्या गटांची मत्स्यशेती गंभीरपणे करून पाहिली ती सिंधुदुर्गात. राज्याच्या वन विभागात २०१२ मध्ये कांदळवन कक्ष सुरू झाला. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनं सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर मासे, खेकडे, कालवं, शिंपले यांच्या संवर्धनाचे प्रयोग झाले आणि त्यांत महिला बचत गट मोठ्या संख्येनं उतरले. वेंगुर्ल्याच्या स्वामिनी महिला बचत गटानं तर मांडवी खाडीत होडीतून कांदळवन सफर सुरू केली. होडी चालवणाऱ्याही त्याच, झाडांची माहिती सांगणाऱ्याही त्याच. त्यातून २०१७ मध्ये राज्य सरकारनं कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजना काढली. गाव कांदळवन राखील आणि त्या बदल्यात गटाला जिताडा, खेकडा, शोभिवंत मासे पाळायला साहाय्य मिळेल, असा तो करार. गटाला खर्चाच्या ९० टक्के, एकट्यादुकट्याला ७५ टक्के. गट करण्याकडे कल वळावा म्हणून ठेवलेला हा फरक मला शहाणपणाचा वाटतो.

खेकड्याचं उदाहरण घ्या. चिंबोरी कात टाकते तेव्हा अंगानं पोकळ, पाणचट असते. बाजारात तिला कोणी विचारत नाही. तीच पेटीत ठेवून तीन-चार आठवडे खाऊ घातली की मांसानं भरते आणि भाव कितीतरी वर जातो. पेटी एकेकीची वेगळी हवी, कारण कवच कडक झालेली चिंबोरी मऊ कवचाचीला फाडून खाते. हे काम घरालगतच्या खाडीकाठी, दिवसातला तास-दीड तास देऊन होतं. पनवेल तालुक्यातल्या कातकरी बायकांचा हात चिंबोरीच्या बिळात पिढ्यान्‌पिढ्या गेलेला आहे. कोणतं बीळ जिवंत, कोणतं रिकामं, हे त्या चिखलावरच्या खुणेवरून ओळखतात. पण पकडलेली चिंबोरी त्याच संध्याकाळी, मिळेल त्या भावाला विकावी लागते, कारण घरात दुसऱ्या दिवसाचा पैसा नसतो. महिनाभर थांबण्याची ऐपत हेच इथं भांडवल. बचत गटाचं पहिलं कर्ज पेटी घ्यायला नको, त्या महिनाभराच्या घरखर्चाला द्या, असं मी म्हणेन.

मात्र सिंधुदुर्गाचं सगळंच उचलून पनवेलला आणता येणार नाही. कालवं आणि शिंपले पाणी गाळून जगतात. पाण्यात जे असेल ते त्यांच्या अंगात साठतं, जड धातूसुद्धा. कासाडी नदी तळोजा औद्योगिक वसाहतीतून वाहत खाडीला मिळते आणि तिच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेलं आहे. अशा पाण्यात शिंपले वाढवून ते कुणाच्या मुलाला खाऊ घालायला सांगणं हा अपराध ठरेल. पनवेलनं बांधाच्या आतलं, पावसाचं पाणी वापरावं. गावतळी, शेततळी, भातखाचरांच्या कडेचे चर. पाणी दरवर्षी तपासून घ्यावं. कांदळवन तोडून तळं खणण्याचा विचार तर कायद्यानंच बाद आहे. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्ये राज्यातली कांदळवनं तोडायला मनाई केली. त्याआधी, डिसेंबर १९९६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं देशभरातल्या किनाऱ्यावरच्या कोळंबी कारखानदारीला वेसण घातली होती. ती कोळंबी शेती शेजारच्यांच्या विहिरी खारट करत होती, आणि त्या विहिरींवर पाणी भरायला जात होत्या बायकाच.

खारभूमीत भात आणि मासे एकत्र घेण्याची रीत शेजारी जिवंत आहे. केरळात पोक्कळी खाचरांत पावसाळ्यात भात, भात काढल्यावर उन्हाळ्यापर्यंत कोळंबी. गोव्याच्या खाजणांत बांधातल्या मानशीवर, म्हणजे तिथल्या उघाडीवर, जाळं लावायच्या हक्काचा लिलाव होतो. दोन्हीकडे तत्त्व एकच: भाताचं धसकट कुजून माशाला खाद्य होतं, माशाची विष्ठा पुढच्या भाताला, आणि दोन्हींसाठी बांध राखावा लागतो. पनवेलच्या उघाड्यांची डागडुजी कोणी करायची यावरून वर्षानुवर्षं टोलवाटोलवी चालते. माशाचं उत्पन्न त्या बांधाशी जोडलं गेलं तर डागडुजीला धनी मिळेल, असं मला वाटतं.

आता सगळ्यात अवघड प्रश्न: पाणी कोणाच्या नावावर? पनवेल-उरणचा इतिहास जमिनीच्या कागदाचाच इतिहास आहे. १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली, ठाणे, पनवेल आणि उरण मिळून ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासईला आंदोलक शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याचा हक्क झगडून मिळवला. तो लढा बायकांनीही लढला. पण सातबारा, मोबदला, भूखंड यांवर नावं बहुतेक पुरुषांची लागली. शेत गेलं, मिठागरं गेली, त्यांबरोबर घरामागचं तळंही भरावाखाली गेलं. त्या तळ्याचा पंचनामा बाईची मिळकत म्हणून कुणी केला नाही.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झाली, २०,०५० कोटींची. तिच्यात सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के, तर महिला, अनुसूचित जाती आणि जमातींना ६० टक्के साहाय्य आहे. महाराष्ट्रानं २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. दोन्ही निर्णय स्वागतार्हच. पण अर्जासोबत जागेचा कागद लागतो आणि तो बाईकडे नसतो. मग अर्ज तिच्या नावानं, तळं नवऱ्याचं, आणि मासा निघाल्यावर व्यापाऱ्याशी बोलणी दिराची, असं होतं. यावर उपाय आहे तो गटानं ग्रामपंचायतीकडून गावतळं ठेक्यानं घेण्याचा. ठेका किमान पाच वर्षांचा हवा. वर्षा-वर्षाच्या लिलावात तळ्यात गाळ काढायला, चुना टाकायला कोण पैसे घालील? आणि तळं पिकू लागलं की दुसऱ्या वर्षी गावातला कुणी बडा बोली चढवून ते काढून घेतो. ठेक्याचा करार गटाच्या नावे, खातं गटाच्या नावे, सही दोघींची, एवढं आधी पक्कं करावं, बीज नंतर.

केरळातल्या कासरगोड जिल्ह्यात पडन्ना-चेरुवत्तूरच्या खाडीत शिंपल्यांची शेती गेल्या शतकाच्या अखेरीस बायकांच्या गटांनी उचलली. तंत्र केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेचं, कर्ज गटाचं, दोर आणि बांबू स्वस्त. तिथं बायकांचं बस्तान बसलं याचं एक कारण असं की खाडीवर कुणाचाच सातबारा नव्हता. जमीन नसलेलीलाही पाण्यात उभं राहता आलं. गावतळ्याच्या बाबतीत आपल्याला तीच सोय ग्रामसभेच्या ठरावानं करता येते.

खाण्याचा मुद्दाही आहे. विकायच्या नादात घरच्या ताटातला मासा जाऊ नये. बांगलादेशात डॉ. शकुंतला थिल्स्टेड यांनी दाखवून दिलं की तळ्यात मोठ्या माशांसोबत मोला हा बोटाएवढा मासा वाढवला आणि तो डोक्या-काट्यासकट खाल्ला, तर बायका-मुलांना अ जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम भरपूर मिळतं. मोठा मासा बाजारात जातो, बारका घरी राहतो. या कामासाठी त्यांना २०२१ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. कोकणात बारकी मासळी काट्यासकट खायची सवय आहेच. ती तळ्यातल्या हिशेबात धरली पाहिजे.

विक्रीची चिंता मात्र पनवेलला इतरांपेक्षा कमी. शहर दाराशी आलंय, आणि पाटी घेऊन बाजारात बसणारी कोळीण भाव ठरवण्यात कुणाला हार जात नाही. जगभरात मासे धरणाऱ्या आणि पाळणाऱ्यांत बायका २४ टक्के, मासळी प्रक्रियेत मात्र ६२ टक्के, असं अन्न व कृषी संघटनेचा २०२४ चा अहवाल सांगतो. इथंही विकणारे हात बायकांचेच आहेत. त्यांच्याशी तळ्यावरच्या गटाची गाठ घालून दिली तर मधला दलाल आपोआप गळतो. जाळं ओढायचा दिवस मात्र बाजाराचा वार पाहून ठरवावा. गटारीच्या आधी आणि श्रावण सरल्यावर मासळीला उठाव असतो. श्रावणात जाळं ओढून ढीग लावला तर कोळीणही काही करू शकत नाही.

एकदा ठरलं की वेळापत्रक पाऊस ठरवतो. गाळ काढणं आणि चुना एप्रिल-मेमध्ये, तळ सुकून तडकल्यावर. बीजाची मागणी जूनच्या आधी नोंदवलेली हवी, कारण जुलैत सगळ्यांनाच एकदम बीज लागतं. म्हणजे ग्रामसभेचा ठराव आणि ठेक्याचा कागद मार्चअखेर हातात पडायला हवा, आणि त्यासाठीचा अर्ज २६ जानेवारीच्या ग्रामसभेत गटाच्या अध्यक्षा आणि सचिव यांनी स्वतः उभं राहून वाचून दाखवावा. इतिवृत्तात तो शब्दशः उतरला आहे की नाही, हे सही करण्याआधी वाचून घ्यावं.